आधीच लागलेला निकाल : मिल्टन, हॉग आणि ख्रिस्ती पूर्वनियतीचा वाद

धारवाडला इंग्रजी घेऊन एम.ए. करीत असताना मिल्टनचे 'पॅरडाइज लॉस्ट' आम्हाला अभ्यासाला होते. या महाकाव्याच्या तिसऱ्या सर्गात ईश्वर प्रथमच बोलतो. नरकातून निसटलेला सैतान नव्या जगाच्या दिशेने निघाला आहे. ईश्वर ते वरून पाहतो आहे आणि आपल्या पुत्राला सांगतो आहे की, मानव या सैतानाला भुलणार, त्याचे पतन होणार. पण दोष सर्वस्वी मानवाचाच राहील. त्याला उभे राहण्यापुरते बळ दिलेले होते आणि पडण्याची मोकळीकही दिलेली होती. पुढचे आधी ठाऊक असणे म्हणजे ते घडवून आणणे नव्हे, असा या भाषणाचा मथितार्थ. आमचे प्राध्यापक हे तन्मयतेने समजावून देत असता माझ्या शेजारचा मित्र पुटपुटला, "म्हणजे निकाल आधी लावायचा आणि परीक्षा मागून घ्यायची!" वर्गात हशा पिकला. सरही हसले आणि पुढच्या ओळींकडे वळले.

त्याला आता तीस वर्षे होत आली. मी शाळामास्तर झालो, मुख्याध्यापक झालो, शेकडो निकाल माझ्या सहीने लागले. पण मित्राच्या त्या वाक्याला सरांनी द्यायला हवे होते ते उत्तर मी अजून शोधतो आहे. ख्रिस्ती धर्मविचारात या प्रश्नाने दीड हजार वर्षे वाद माजवला. तो वाद धर्मपंडितांनी कसा सोडवला हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. साहित्याचा एक वाचक म्हणून मला एवढेच तपासायचे आहे की, हा सिद्धांत माणसाच्या तोंडी कोणत्या वाक्यात येतो आणि त्या वाक्याचे पुढे काय होते.

आरंभी एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'पूर्वनियती' म्हटले की आपल्याला सटवाईने कपाळी लिहिलेले आठवते, नाहीतर प्रारब्ध आठवते. पण प्रारब्ध म्हणजे आपल्याच मागल्या कर्मांची बाकी. खाते आपले आणि उधारीही आपलीच. ख्रिस्ती विचारात मागला जन्म नाही. तेथे पूर्वनियती म्हणजे जग निर्माण होण्यापूर्वीच ईश्वराने काही जीवांना तारणासाठी निवडले आणि ही निवड त्यांच्या कोणत्याही पुण्याईकडे पाहून केली नाही, असा सिद्धांत. आपल्याकडे त्याला जवळचे काही असेल तर ते दक्षिणेतील श्रीवैष्णवांमधील मर्कटकिशोर आणि मार्जारकिशोर हे न्याय. माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरते. मांजरीचे पिल्लू नुसते पडून असते, आईच त्याला तोंडात धरून नेते. भक्ताने धरायचे की देवाने उचलायचे? वडकलै आणि तेन्कलै या पंथांत वाजले ते यावरून. ख्रिस्ती जगातील भांडण जातीने हेच, मात्र एका मुद्द्याने अधिक भीषण. तेथे प्रश्न असा पडतो की, ज्या पिलांना मांजरीने उचललेच नाही त्यांचे काय?

हा वाद पेटला तो संत ऑगस्टीनमुळे. उत्तर आफ्रिकेत ३५४ साली जन्मलेला हा पंडित पुढे हिप्पो या नगरीचा बिशप झाला. इसवी सन ४०० च्या आसपास त्याने 'कन्फेशन्स' हे आत्मनिवेदन लिहिले. सोळाव्या वर्षी मित्रांसमवेत शेजाऱ्याच्या झाडावरचे नासपती त्याने चोरले. भूक होती म्हणून नव्हे, चोरीतल्या आनंदासाठी. पुढे चांगले वागायचे त्याला कळत होते, पटतही होते, फक्त ते उद्यावर जात होते. अखेर ३८६ साली मिलानच्या एका बागेत तो रडत बसला असताना कुणा लेकराचा आवाज ऐकून त्याने धर्मग्रंथ उघडला आणि त्याचे मन पालटले. या साऱ्याकडे मागे वळून पाहताना त्याला प्रामाणिकपणे वाटले की, मी वळलो नाही, मला वळवले गेले.

या ग्रंथात एक प्रार्थना आहे. तीत ईश्वराची आज्ञा पाळण्याचे बळही ईश्वराजवळच मागितले आहे. रोममध्ये राहणारा ब्रिटनचा पेलाजियस नावाचा साधू ती ऐकून संतापला. बळही देवानेच द्यायचे तर माणसाने प्रयत्न तरी कशाला करायचे? आणि जे माणसाला करताच येत नाही त्याची आज्ञा देव कशाला करील? पेलाजियसची ही तक्रार मला फार जवळची वाटते, कारण ती शिक्षकाची तक्रार आहे. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने त्याचे मत त्याज्य ठरवले. ऑगस्टीन मात्र उतारवयात आपल्या विचाराच्या टोकाला गेला. कृपा ही ईश्वराची देणगी असेल तर ती कुणाला द्यायची हेही त्यानेच आधी ठरवलेले असणार, हे अनुमान त्याने टाळले नाही.

येथे मला जे म्हणायचे आहे ते व्याकरणाच्या भाषेत सांगतो. आयुष्यभर मुलांना व्याकरण शिकवल्याचा हा परिणाम समजावा. 'कन्फेशन्स'मधील पूर्वनियती प्रथमपुरुषी आणि भूतकाळी आहे. 'मी तरलो, पण माझ्या कर्तबगारीने नव्हे' असे ते वाक्य आहे आणि ते ईश्वराला उद्देशून उच्चारलेले आहे. त्यात कृतज्ञता आहे, नम्रता आहे. असे वाक्य ज्याच्या तोंडून कधी निघाले नाही तो माणूस मला अर्धवट वाटतो. पण हेच वाक्य पुरुष आणि काळ बदलून म्हणा. 'तो तरणार नाही, कारण त्याचे तसे ठरलेलेच आहे.' शब्द जवळपास तेच, सिद्धांतही तोच; पण आता ती कृतज्ञता उरली नाही, शिक्षा झाली. माझ्या मते या वादाचा सारा इतिहास म्हणजे एका वाक्याचा पुरुष आणि काळ बदलत गेल्याचा इतिहास आहे.

सोळाव्या शतकात धर्मसुधारणेच्या लाटेत हे रूपांतर झपाट्याने झाले. इच्छास्वातंत्र्याची बाजू घेऊन इरॅस्मसने १५२४ साली पुस्तक लिहिले. माणसाची इच्छा बद्धच आहे, असे ठणकावून ल्यूथरने १५२५ साली त्याला उत्तर दिले. जिनिव्हाच्या कॅल्व्हिनने आपल्या 'इन्स्टिट्यूट्स'च्या १५५९ च्या अखेरच्या लॅटिन आवृत्तीत हा सिद्धांत तर्काच्या शेवटापर्यंत नेला : काहींची निवड तारणासाठी, उरलेल्यांची नाशासाठी. या निर्णयाला स्वतः कॅल्व्हिननेच भयंकर म्हटले आहे, हेही नोंदवले पाहिजे. छळ सोसणाऱ्या श्रद्धावंतांना तो आधार देऊ पाहत होता. 'तुमचे तारण राजाच्या लहरीवर नाही, देवाच्या निश्चयावर आहे' असे त्याला सांगायचे होते. परंतु ऐकणाऱ्याच्या मनात दुसराच प्रश्न उभा राहिला : मी निवडलेल्यांत आहे की नाही? या धास्तीतून आणि तिच्यावर उतारा म्हणून शिस्तीने केलेल्या उद्योगातून भांडवलशाहीला पोषक अशी वृत्ती कशी वाढली, हे माक्स वेबरने १९०४-०५ मध्ये मांडलेले विवेचन प्रसिद्धच आहे.

कॅथॉलिक पंथातही शांतता नव्हती. कृपेशिवाय तारण नाही, पण पतनानंतरही माणसाची इच्छाशक्ती मेलेली नाही, असा मध्यम मार्ग ट्रेंटच्या धर्मसभेने १५४७ साली काढला. तरीही १५८८ साली मोलिना या जेझुइट पंडिताच्या ग्रंथावरून जेझुइट आणि डॉमिनिकन एकमेकांवर तुटून पडले. कोणत्या परिस्थितीत कोण स्वेच्छेने काय करील हे ईश्वर जाणतो आणि त्या जाणिवेने जगाची मांडणी करतो, असे मोलिनाचे म्हणणे होते. रोममध्ये १५९८ पासून १६०७ पर्यंत त्यावर काथ्याकूट चालला. अखेर पोप पाचव्या पॉलने निर्णयच दिला नाही. दोन्ही पक्षांनी एकमेकांना पाखंडी म्हणू नये, एवढीच ताकीद दिली. मला हा निवाडा शहाणपणाचा वाटतो. हा वाद रंगात असताना मोलिनाच्याच संघातील एक इंग्रज धर्मगुरू गोव्यात मराठी ओव्या रचण्याच्या उद्योगात होता, ही आपल्या अगत्याची गोष्ट. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापून निघाले. आदाम आणि एवेच्या पतनाची कथा मिल्टनच्या इंग्रजीत येण्याच्या सुमारे पन्नास वर्षे आधी ती मराठी ओवीत आली होती.

हॉलंडमध्ये मात्र असे शहाणपण दिसले नाही. लायडनचा प्राध्यापक आर्मिनियस हा मूळचा कॅल्व्हिनपंथीच. पण ईश्वराची कृपा माणसाला नाकारता येते, असे तो म्हणू लागला. तो १६०९ साली वारला. १६१० साली त्याच्या अनुयायांनी पाच कलमांचे निवेदन दिले. १६१८-१९ मध्ये डॉर्टच्या धर्मसभेने ते फेटाळले. वादाला राजकारणाची जोड होतीच. अनुयायांची पाठराखण करणारा एकाहत्तर वर्षांचा मुत्सद्दी ओल्डनबार्नेफेल्ट याचा मे १६१९ मध्ये शिरच्छेद झाला. कायदेपंडित ग्रोटियसला जन्मठेप झाली; तो १६२१ साली पुस्तकांच्या पेटीत दडून किल्ल्यातून निसटला. परलोकात कोण तरणार याचा खल करणारे इहलोकातला निकाल असा आपल्या हाताने लावतात.

या तृतीयपुरुषी, भविष्यकाळी सिद्धांताचे जीवनात काय होते, हे सर्वांत निर्भयपणे दाखवले ते एका मेंढपाळाने. स्कॉटलंडमधील एट्रिकचा जेम्स हॉग (१७७०-१८३५) याला शालेय शिक्षण जवळजवळ मिळालेच नव्हते. १८२४ साली त्याची 'द प्रायव्हेट मेम्वार्स अँड कन्फेशन्स ऑफ अ जस्टिफाइड सिनर' ही कादंबरी निनावी प्रसिद्ध झाली. 'जस्टिफाइड' म्हणजे ईश्वराने आधीच निर्दोष ठरवलेला. रॉबर्ट रिंगहिम हा तिचा नायक. ज्या धर्मगुरूच्या घरी तो वाढतो तो एके दिवशी त्याला सांगतो की, तुझे नाव निवडलेल्यांच्या यादीत आले. आता तुझ्या हातून काहीही घडले तरी ते पुसले जाणार नाही. आनंदाने बेभान झालेला रॉबर्ट घराबाहेर पडतो आणि त्याच दिवशी त्याला एक अनोळखी तरुण भेटतो. तो हुबेहूब रॉबर्टसारखाच दिसतो. गिल-मार्टिन हे त्याचे नाव. तो धर्मशास्त्रात पारंगत आहे. रॉबर्टचे एकही मत तो खोडून काढत नाही. प्रत्येक मत एक पायरी पुढे नेतो. निवडलेल्यांना पाप लागत नाही ना? मग पापी माणसांना जगातून नाहीसे करणे हे पाप कसे? सिद्धांताचा इतका अतिरेक करू नकोस, या नव्या मित्रापासून सावध राहा, असे बजावणारा ब्लँचर्ड नावाचा सज्जन उपदेशक पहिला बळी ठरतो. मग सख्ख्या भावाचा खून होतो. शेवटी रॉबर्ट रानोमाळ पळत सुटतो आणि आत्महत्या करतो.

हॉगचे खरे सामर्थ्य कथेच्या मांडणीत आहे. हीच हकीकत आपण दोनदा वाचतो : आधी एका 'संपादका'च्या कोरड्या निवेदनात, मग रॉबर्टच्या स्वतःच्या लेखणीतून. दोन्ही हकीकती एकमेकींशी पुरत्या जुळत नाहीत. गिल-मार्टिन हा सैतान की रॉबर्टच्याच मनाचा खेळ, याचा उलगडा लेखक करीत नाही. शेवटी संपादक रॉबर्टचे थडगे शोधायला निघतो आणि हॉगची मदत मागतो, तर हॉग नावाचे ते पात्र मेंढरांच्या बाजाराची सबब सांगून अंग काढून घेते! या गमतीमागे एक तत्त्व आहे. एखाद्या माणसाचा अंतिम निकाल वाचायला तुम्ही मला बोलावू नका, असेच लेखक सुचवतो.

ही कादंबरी म्हणजे कॅल्व्हिनपंथाची निंदा, असे मानणे अन्यायाचे होईल. या पंथाच्या शहाण्या आचार्यांनी सदाचरण हीच निवडीची खूण मानली होती आणि हे गूढ जपून हाताळावे असे वेस्टमिन्स्टरच्या मतपत्रातही बजावले होते. हॉगच्याच कादंबरीत ऑख्टरमख्टी गावची एक लोककथा येते. तेथे सैतान धर्मगुरूचा झगा घालून इतके रसाळ प्रवचन देतो की सारा गाव भारावतो. एक म्हातारा तेवढा झग्याखालचे खूर पाहतो. सिद्धांत तोच असेल, पण बोलणारा कोण आणि कुणाविषयी बोलतो तेही पाहा, असे ती कथा सांगते.

आता पुन्हा मिल्टनकडे येतो. १६६७ साली 'पॅरडाइज लॉस्ट' प्रसिद्ध झाले तेव्हा तो आंधळा होता आणि पराभूतही होता. ज्या प्रजासत्ताकासाठी त्याने लेखणी झिजवली ते १६६० साली कोसळले होते, राजा परत आला होता. सारेच पूर्वनियत मानले तर या पराभवाचे कर्तेपण ईश्वराकडे जाते. मला वाटते, इच्छास्वातंत्र्याचा आग्रह मिल्टनला जिव्हाळ्याचा होता तो यामुळेही. त्याचा लॅटिन धर्मविषयक ग्रंथ १८२३ साली हस्तलिखित रूपात सापडला, त्यातही तो आर्मिनियसच्या बाजूचा दिसतो. परंतु तिसऱ्या सर्गात हा मुद्दा त्याने खुद्द ईश्वराच्या तोंडी घातला आणि काव्य अडखळले. हा ईश्वर धर्मशास्त्राच्या पंडितासारखा बोलतो अशी थट्टा कवी पोपने केली होती. विल्यम एम्सनने १९६१ साली एक अख्खे पुस्तक लिहून मिल्टनच्या ईश्वराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. सी. एस. लुईससारख्यांनी मिल्टनची बाजू मांडली आहे; पण मला तरी तो युक्तिवाद पटत असूनही ऐकवत नाही. कारण पुन्हा व्याकरणाचेच. ज्याच्या हाती सर्व काही आहे त्याने अजून न घडलेल्या अपराधाबद्दल तृतीयपुरुषी भविष्यकाळात बोलावे आणि वर 'माझा दोष नाही' म्हणावे, हे तर्काला धरून असले तरी मनाला धरून नाही.

मग मिल्टन हरला का? नाही. त्याचे उत्तर दहाव्या सर्गात आहे. फळ खाऊन झाले आहे. आदाम आणि एवा एकमेकांना दोष देऊन थकले आहेत. आदाम तिला टाकून बोलतो. एवा निघून जात नाही, त्याचे पाय धरते आणि म्हणते की अपराध माझा अधिक. सगळी शिक्षा माझ्यावर यावी असे मी मागेन. या एका प्रथमपुरुषी वाक्याने दहावा सर्ग वळण घेतो. आदामाचा राग विरघळतो, दोघे मिळून ठरवतात आणि जेथे निवाडा झाला होता तेथेच जाऊन पश्चात्तापाने गुडघे टेकतात. वाचणाऱ्याला वाटते, हे त्यांनी स्वतः केले. आणि लगेच अकराव्या सर्गाच्या आरंभी कवी सांगतो की, वरून उतरलेल्या कृपेने त्यांच्या हृदयातले पाषाण आधीच काढून घेतले होते. म्हणजे एकच कृती दोनदा सांगितली : एकदा निर्णय म्हणून, एकदा देणगी म्हणून. कोणती हकीकत खरी, हे मिल्टन विचारत नाही. घडत असताना तो निर्णय होता. मागे वळून पाहिले तर ती कृपा होती. तिसऱ्या सर्गातल्या युक्तिवादाला जे साधले नाही ते येथे दोन माणसांच्या समेटाने साधले.

स्वातंत्र्याचा पक्ष घेणाऱ्यांनीही येथे सावध झाले पाहिजे. 'तो मागे राहिला, कारण त्याने मनापासून प्रयत्नच केला नाही' हे पेलाजियसच्या मताचे तृतीयपुरुषी रूप आहे आणि तेही तितकेच निष्ठुर आहे. नासपती चोरणाऱ्या, सुधारणे उद्यावर टाकणाऱ्या ऑगस्टीनला हे वाक्य ऐकवून पाहा! म्हणून मी असे म्हणतो की, कृपेचे वाक्य प्रथमपुरुषी भूतकाळात बोलावे आणि स्वातंत्र्याचे वाक्य द्वितीयपुरुषी बोलावे. 'मी तरलो ते कृपेने', आणि 'तू उठू शकतोस'. तिसऱ्या पुरुषाविषयी दोन्ही पक्षांनी गप्प बसावे. १९९९ साली ऑग्सबर्ग येथे कॅथॉलिक आणि ल्यूथरपंथी यांनी कृपा आणि तारण याविषयी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. साडेचारशे वर्षांनी का होईना, एकमेकांविषयीचे जुने शाप त्यांनी आवरते घेतले. त्या समंजसपणालाही मी हेच नाव देईन.

हे व्याकरण मी पुस्तकातून शिकलो असे म्हणालो तर ते खोटे ठरेल. मुख्याध्यापक होण्यापूर्वीची गोष्ट. दहावीच्या वर्गात एक मुलगा होता. इंग्रजी आणि गणितात सतत मागे. बोर्डाच्या परीक्षेआधी आम्ही शिक्षक बसून 'नक्की नापास' अशी एक यादी करीत असू, तीत त्याचे नाव वर असे. मी त्याच्या वडिलांना बोलावून सांगितले, "याच्याच्याने व्हायचे नाही. उगाच वर्ष घालवू नका, कामाला लावा." वडिलांनी ऐकले. परीक्षेला तो बसलाच नाही.

काही वर्षांनी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीबाहेर तो भेटला. चहा पाजल्याशिवाय सोडीना. बोलता बोलता हसून म्हणाला, "सर, तुम्ही तवा बरोबरच सांगितलासा बघा. माझ्या डोक्यात अक्षर शिरतच नव्हतं." त्याच्या आवाजात राग नव्हता, उपरोधही नव्हता. त्याला ते खरेच पटले होते. तो नापास होणार होता म्हणून मी तसे म्हणालो, की मी तसे म्हणालो म्हणून तो परीक्षेलाच बसला नाही? मिल्टनचा ईश्वर या प्रश्नाचे उत्तर छातीठोकपणे देतो. मला ते देता आले नाही. त्या दिवशी मी मुकाट्याने चहा प्यायलो.

'नक्की नापास'ची यादी आमच्या शाळेत आता होत नाही. मागे पडलेली मुले असतात, त्यांचे जादा तास होतात, त्यातली काही तरीही नापास होतात. पण निकाल लागेपर्यंत त्यांच्याविषयी तृतीयपुरुषी भविष्यकाळात बोलायचे नाही, असा दंडक मी स्वतःला घालून घेतला आहे. धारवाडच्या त्या मित्राचे उत्तर मला अजून मिळालेले नाही. एवढे मात्र कळले की, निकाल आधीच लागलेला असलाच, तरी तो वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे दिलेले नाही.